सातव्या मजल्यावरचा डोंगर

हर्षाली देवरे डोंगर करायची. नाशकात डोंगर बघणारे पुष्कळ, रविवारी सकाळी बूट घालून चढणारे त्याहून पुष्कळ. पण गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, एसीत बसून, सोमवार ते शनिवार डोंगर करणारी ती एकटीच असावी. इमारत उभी राहायच्या आधीच बिल्डर लोकांना इमारतीची चित्रं लागतात. अशी चित्रं कॉम्प्युटरवर तयार करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात ती सहा वर्षं होती. भिंती, सोफे, गॅलरीत चहा पिणारं हसरं जोडपं, हे सगळं बाकीचे करत. खिडकीबाहेरचं जग मात्र हर्षालीकडे.

आणि त्या जगाचा तिला थोडा गर्व होता. थोडा म्हणजे, बराच. तयार झाडं आणि तयार टेकड्या उचलून चिकटवणाऱ्यांकडे ती अशा नजरेनं बघायची, जशी घरी मसाला कुटणारी बाई पुडीच्या मसाल्याकडे बघते. ती आधी एक राखाडी ढेकूळ घ्यायची. मग सॉफ्टवेअरमधून त्याच्यावर हजारो वर्षांचा पाऊस दोन मिनिटांत पाडायची. घळी पडायच्या, माती उतरायची, पायथ्याशी दगडगोटे साचायचे. मग गवत, पण सगळीकडे सारखं नाही. "नीटनेटका डोंगर कोणालाच खरा वाटत नाही," ती म्हणायची. "त्याला जरा बिघडवावं लागतं." म्हणून एका कोपऱ्यात जळालेलं गवत, वळणावर ढासळलेला बांध, वाकडी बाभूळ. हे सगळं डोक्यातून येतं, कुठे बघून करत नाही, हेही ती न विचारता सांगायची.

आडगावच्या पुढे एका नव्या इमारतीचं काम आलं तेव्हा बिल्डरकडे विक्री बघणारा संतोष स्वतः पेढे घेऊन आला. सातव्या मजल्याच्या गॅलरीतून काय दिसतं त्याचा खरा फोटो त्यानं दाखवला. गोदामांचे पत्रे, दोन कांद्याच्या चाळी, हायवे, आणि खूप लांब, धुरकट, एक डोंगररांग.

"डोंगर जरा अलीकडे घ्या ना मॅडम," संतोष म्हणाला.

"किती अलीकडे?"

"लोकांना वाटलं पाहिजे, हात लांब केला की लागेल."

हर्षालीनं पंधरा दिवस राबून डोंगर केला. उजवीकडून चढत आलेला कडा, मध्येच खाऊन टाकल्यासारखी खिंड, डावीकडे बुटका माथा, आणि पायथ्यापासून खिंडीपर्यंत वाकडीतिकडी गेलेली एक पायवाट. पत्रे गेले, चाळी गेल्या, तिथे हिरवं कुरण आलं. संतोषच्या आग्रहाखातर एक लालभडक पळसही आला. माहितीपत्रक छापून झालं, खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'कल्पनाचित्र' असं लिहिलं गेलं, आणि हर्षाली पुढच्या कामाला लागली.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, दुपारी ऑफिसचं दार उघडलं. साठीच्या एक बाई आत आल्या. नऊवारी नाही, पाचवारी, पदर पक्का खोचलेला. खांद्याला आडवी चामड्याची पिशवी. त्यांनी ऑफिसवर अशी नजर फिरवली, जणू किती बसलेत आणि किती उभे आहेत ते मोजतायत.

"डोंगर कोणी काढला?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी हर्षालीकडे बोट केलं.

बाईंनी पिशवीतून ते माहितीपत्रक काढून तिच्या टेबलावर ठेवलं. "मी लंकाबाई गांगुर्डे. एसटीत कंडक्टर होते, चोवीस वर्षं. सात वर्षं सटाणा डेपो, बाकीची नाशिक. माझा मुलगा राकेश ह्या बिल्डिंगीत फ्लॅट घेतोय. म्हणतो, आई, तुला खिडकीतनं डोंगर दिसंल. मी म्हटलं, कोणता? तर त्याला माहीत नाय. तो बिल्डरचा माणूस, त्यालाही माहीत नाय. पेठ, सुरगाणा, कळवण, नांदगाव, मनमाड, सगळे रस्ते मी तिकिटं फाडत पालथे घातलेत. हा डोंगर माझ्या कोणत्याच रूटवर नाय. मग हाय कुठं?"

"कुठेच नाही, मावशी," हर्षाली गोड हसून म्हणाली. "मनानं केलाय."

"खोटं."

"खरंच. हे बघा, इथे लिहिलंय."

लंकाबाईंनी चष्मा वर सारून, नाक कागदाला लावून ती मुंगीची अक्षरं वाचली. "आमच्या तिकिटावरसुद्धा ह्यापेक्षा मोठं छापतात," त्या म्हणाल्या. "आणि मनानं केलेल्या डोंगरावर शेळ्यांची वाट कशी असंल? माणूस वाट काढताना सरळ काढतो. ही बघ, इथं उगाच वळसा घेतलाय. म्हणजे तिथं खडक हाय आणि शेळ्या त्याला बगल देतात. हे कोणी बसल्या जागी करतं का?"

हर्षालीला आतून गुदगुल्या झाल्या. सहा वर्षांत इतकी मोठी शाबासकी तिला कोणी दिली नव्हती. तिनं चहा मागवला.

चहा येईपर्यंत शाबासकीचं ऊन उतरलं. लंकाबाईंनी हसऱ्या जोडप्यावर बोट ठेवलं. "हा बाबा सकाळचा पेपर वाचतोय ना?"

"हो."

"ही गॅलरी उत्तरेला हाय. मी जागेवर जाऊन आले. सकाळचं ऊन उजवीकडनं येणार, सावल्या डावीकडं पडणार. तुझ्या झाडांच्या सावल्या उजवीकडं पडल्यात. म्हणजे दुपारचे चार वाजलेत. आत्ता उठलाय का तो?"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं.

"आणि गवत श्रावणातलं, पळस होळीचा. कोणता महिना चाललाय ह्यांच्याकडं?"

"पळस संतोषने मागितला होता," हर्षाली म्हणाली. तिचा आवाज आता तितका गोड राहिला नव्हता.

बाई गेल्या. हर्षालीनं अर्धा तास दुसरं काम केलं, मग गुपचूप ती फाइल उघडून सूर्य डावीकडून उजवीकडे नेला. पळसाची फुलंही पुसली. कोणी मागितलं नव्हतं. पण एकदा दिसलेली चूक तिला खड्यासारखी टोचायची.

गुरुवारी लंकाबाई परत हजर. ह्या वेळी फुटाण्यांची पुडी होती.

"आमच्या चिमाजींना दाखवलं मी," स्टुलावर बसत त्या म्हणाल्या. चिमाजी म्हणजे त्यांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर, आता पंचवटीत घरी बसून गुडघ्यांना तेल चोळत असतात. "ते म्हणतात, हा डोंगर मी पाहिलाय. कुठं, ते आठवत नाय. फक्त एवढं आठवतंय की, तेव्हा तोंडात दंतमंजन होतं."

"म्हणजे?"

"तेच मी विचारलं. ड्रायव्हर गाडी चालवताना दात घासतो का? तर म्हणे, लंकाबाई, थट्टा करू नका, तोंड धुताना समोर हाच होता. मी म्हटलं, म्हातारे झालात. ते म्हटले, डोंगर सापडला तर तुम्ही मला म्हातारा म्हणायचं बंद करायचं. मी कबूल केलं. म्हणून आता तू खरं सांग."

"मावशी, शपथेवर सांगते, मनानं केलाय."

"बरं, बरं," लंकाबाई म्हणाल्या. पण बिनतिकिटाचा प्रवासी 'मागच्या स्टॉपलाच चढलो' म्हणतो, तेव्हा कंडक्टर जसं 'बरं' म्हणतो, तसं.

पुढे ते रोजचंच झालं. राकेशकडे करमत नाही, असं त्या म्हणायच्या. खरं म्हणजे त्यांना ढेकळावर पाऊस पडताना बघायचा असायचा. हर्षाली बटण दाबायची आणि हजारो वर्षांचं पाणी डोंगरावरून खाली यायचं. लंकाबाई फुटाणे चघळत म्हणायच्या, "एवढ्या पावसात आमची गाडी कवाच बंद पडली असती." कधी म्हणायच्या, "ह्या घळीतनं पाणी खाली आलं, मग गेलं कुठं? खाली ओढा दाव." हर्षाली आधी वाद घालायची, मग ओढा काढायची. ऑफिसातले लोक आता हर्षालीचं चित्र तपासायला साहेबांऐवजी लंकाबाईंची वाट बघत. हर्षालीला ते मुळीच आवडत नव्हतं, आणि एक दिवस बाई आल्या नाहीत तेव्हा तिनं चार वेळा दाराकडे बघितलं.

त्याच महिन्यात हर्षालीची आई गावाहून आली होती. करंजपाडे हे तिचं गाव, सटाण्याहून ताहाराबादकडे जाताना फाट्यावरून आत. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, आणि नव्या डोळ्यानं तिला काय काय दिसत होतं ते विचारू नका. इंदिरानगरच्या भाड्याच्या घरातली जळमटं दिसली, हर्षालीचे दोन पिकलेले केस दिसले. गावी परत जायच्या दिवशी, डॉक्टरांनी तपासून झाल्यावर, गाडीला वेळ होता म्हणून, हर्षाली तिला ऑफिसात घेऊन आली. लंकाबाई स्टुलावर होत्याच.

आई खुर्चीत टेकली, पाणी प्यायली आणि तिनं समोरच्या पडद्यावर उघडं असलेलं आडगावचं चित्र बघितलं. मग उठली, जवळ गेली.

"माय वं!" ती अहिराणीत म्हणाली. "हाऊ ते आपला नकट्या शे!"

"कोण?" हर्षालीनं विचारलं.

"नकट्या! घरनामांगला डोंगर!" आईचा आवाज चढला. "हाई रावजीतातानी बकऱ्यासनी वाट. आनि हाई बाभूय. याले इतला उंच कसाले करा वं?" इतका उंच कशाला केलास, असं तिचं म्हणणं.

"अगं आई, हा मी मनानं—" हर्षालीनं सुरुवात केली आणि ती थांबली.

तिनं पडद्याकडे पाहिलं. उजवीकडून चढत आलेला कडा. खाऊन टाकलेली खिंड. सातवीपर्यंत ती रोज सकाळी घरामागच्या दगडावर बसून, ओल्या वेण्या वाळवत, ह्याच खिंडीकडे तोंड करून पाढे म्हणायची. मग सटाण्याला वसतिगृह, मग नाशिक. पुढे गावी गेलं की मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ती गच्चीच्या ज्या कोपऱ्यात उभी राहायची, तिथून डोंगराकडे नेमकी पाठ व्हायची. पंधरा वर्षांत तिनं त्याच्याकडे धड बघितलंही नव्हतं. आणि इतके दिवस ती ज्याला आपली कल्पनाशक्ती म्हणत होती, ती म्हणजे घराच्या मोरीतून दिसणारा डोंगर होता.

ऑफिसात कोणी हसलं नाही. निदान मोठ्यानं नाही.

"मनानं," लंकाबाई म्हणाल्या, "बरोबर हाय. पोरीनं मनानंच केलाय. मनानं तिला विचारलं नव्हतं एवढंच." मग त्या आईकडे वळल्या. "गाव कोणतं म्हणालात ताई?"

"करंजपाडे."

लंकाबाईंच्या हातातले फुटाणे हातातच राहिले. "करंजपाड्याची मुक्कामी," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सटाण्याहून संध्याकाळी एक गाडी करंजपाड्याला जायची, रात्री तिथेच मुक्काम करायची, आणि सकाळी साडेसहाला परत निघायची. लंकाबाई सात वर्षं त्या रस्त्यानं गेल्या, पण दिवसाच्या गाडीवर, फाट्यापर्यंत. फाट्यावरून हाच डोंगर उलट्या बाजूनं दिसायचा. तिकडून त्याला दोन उंचवटे, म्हणून सगळा डेपो त्याला 'उंट' म्हणायचा. "मुक्कामाची ड्यूटी मी कधी मागितली नाय. घरी दोन लहान पोरं. आणि मला कोणी विचारलंही नाय. चिमाजी मात्र वर्षभर होते त्या गाडीवर. सकाळी उठून गाडीपाशी तोंड धूत असणार." त्यांनी हातातले फुटाणे पुडीत परत टाकले. "सगळे डोंगर पाहिलेत म्हणून मी छाती काढून फिरत होते. पाहिले, पण फाट्यावरनं."

त्यांनी तिथूनच चिमाजींना फोन लावला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी "सांगितलं नव्हतं का, दंतमंजन!" हे अख्ख्या ऑफिसला ऐकू आलं.

हर्षालीनं दुसऱ्या दिवशी संतोषला गाठलं आणि चित्र बदलायला हवं असं सांगितलं. हा डोंगर आडगावला नाही, तो शंभर किलोमीटरवर आहे.

संतोषचा चेहरा खुलला. "म्हणजे डोंगर खरा आहे?"

"आहे, पण—"

"मग झालं तर! मी तर खोटा समजून विकत होतो, मॅडम. मला रात्री अपराध्यासारखं वाटायचं."

त्याला समजावता समजावता हर्षालीचा घसा बसला. शेवटी तिनं साहेबांना मध्ये घातलं. ठरलं असं की, पुढच्या छपाईत 'कल्पनाचित्र' हा शब्द माणसांना वाचता येईल एवढा मोठा होईल आणि गॅलरीतून खरोखर जे दिसतं त्याचं एक चित्रही शेजारी जाईल. संतोष म्हणाला, कांद्याच्या चाळी बघून कोण फ्लॅट घेईल? त्याचं उत्तर द्यायला लंकाबाई स्वतः गेल्या. राकेश आणि हर्षालीला घेऊन त्या अर्धवट जिन्यांवरून सातव्या मजल्यावर चढल्या, कठडा नसलेल्या गॅलरीपासून दोन हात मागे उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. खाली हायवेवरून लाल गाड्या जात होत्या.

"ती चांदवड," त्या म्हणाल्या. "तिच्यामागनं मालेगाव. ड्रायव्हर नवा दिसतोय, ब्रेक फार मारतो."

"आई, घ्यायचा का मग इथं?" राकेशनं विचारलं.

"घ्यायचा. पण सातवा नको, दुसरा घे. इतक्या उंचावरनं गाड्यांच्या पाट्या वाचता येत नाहीत."

त्यानंतरच्या शनिवारी हर्षालीनं अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि ती व लंकाबाई करंजपाड्याला निघाल्या. सटाण्यापर्यंत साधी गाडी, आणि तिथून तीच मुक्कामी. लंकाबाईंनी तिकीट काढलं, कंडक्टरला सुट्टे पैसे दिले आणि खिडकीपाशी बसल्या. सवयीनं दोन वेळा मागे वळून कोणी तिकिटाशिवाय राहिलंय का ते पाहिलं. कंडक्टरनं ते बघितलं आणि विचारलं, "खात्यातल्या का मॅडम?" मग पुढचा सगळा रस्ता गप्पांत गेला. गावात पोचेपर्यंत अंधारून आलं होतं, डोंगर नुसताच काळा दिसला. आईनं भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. लंकाबाई जेवल्या आणि लवकर झोपल्या.

पहाटे हर्षाली उठून बाहेर आली तर त्या आधीच घरामागच्या दगडावर बसल्या होत्या. समोर नकट्या उजळत होता. आधी कड्याची धार, मग खिंड, मग पायवाट. खाली देवळापाशी मुक्कामी गाडी उभी होती, आणि तिच्या चाकाशेजारी उकिडवा बसून ड्रायव्हर चूळ भरत होता. डोंगराकडे तोंड करून.

लंकाबाईंनी फक्त बोटानं दाखवलं. दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसत सुटल्या.

मग हर्षाली डोंगराकडे बघायला लागली. नजर मात्र कामाचीच होती; ती सवय मोडणं थोडंच कोणाच्या हातात असतं. कड्याचा रंग तिनं फार लाल घेतला होता. बाभूळ तिच्या आठवणीत होती तिथे नव्हती, बरीच खाली होती. आणि एकूण डोंगर अगदीच लहान होता.

"तुझ्या चित्रात बरा होता," लंकाबाई म्हणाल्या.

"मावशी!"

"खरं सांगते. तिथं जरा रुबाबदार होता. हा म्हणजे..." त्यांनी मान वाकडी करून नीट पाहिलं. "हा घरातला वाटतो."

"चढायचं?" हर्षालीनं विचारलं.

"मग काय बघून परत जायचं?"

शेळ्यांच्या वाटेनं दोघी निघाल्या. वळसा होता तिथे खरोखरच खडक होता; लंकाबाईंनी त्याच्यावर थाप मारली आणि त्या पुढे गेल्या. अर्ध्या वाटेवर त्यांना धाप लागली. हर्षालीनं हात पुढे केला, तो त्यांनी आधी नाकारला आणि दहा पावलांवर घेतला. खिंडीत पोचल्या तेव्हा ऊन पलीकडून एकदम अंगावर आलं.

पलीकडे सगळा मुलूख उघडा पडला होता. डाळिंबाच्या बागा, शेततळी, आणि त्यांच्यामधून गेलेला काळा डांबरी रस्ता. रस्त्याला फुटलेला फाटा, फाट्यावर चिंच, चिंचेखाली सिमेंटचा थांबा. काडेपेटीएवढा.

"माझी बाजू," लंकाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

 हर्षालीही शेजारी बसली. रस्त्यावरून एक लाल गाडी आली, चिंचेखाली थांबली.

"तिथं गाडी पाच मिनिटं उभी राहायची," लंकाबाई म्हणाल्या. "चिमाजी बिडी ओढायचे. मी दारात उभी राहून रोज ह्या खिंडीकडं बघायचे. वाटायचं, पलीकडं काय असंल?"

"मग? काय निघालं?"

लंकाबाईंनी मागे वळून खाली बघितलं. करंजपाड्याची कौलं, पत्र्याचे गोठे, घरामागचा तो दगड. दगडावर उभी राहून आई दोन्ही हात हलवत होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं तिनं त्यांना एवढ्या लांबून हेरलं होतं.

"चहा झालेला दिसतोय," लंकाबाई म्हणाल्या. "पण बस जरा. ती फाट्यावरची गाडी निघू दे."